छेदातली कपात : सातारा-सांगलीच्या पेन्शनींचा एक हिशोब

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, ही इतिहासाची व्याख्यानमाला आहे की प्रॉव्हिडंट फंडाच्या ऑफिसातली खिडकी? पण वेळेआधी काम सोडलं तर पेन्शन किती कापायची, हा प्रश्न आम्ही इतिहासाचाच मानतो. कपातीचा आकडा काही आभाळातून पडत नाही. तो कोणीतरी, कधीतरी, कोणाला तरी डोळ्यांसमोर धरून ठरवलेला असतो. पुढे ठरवणारे विसरले जातात, कारण विसरलं जातं आणि आकडा मात्र राहतो.

सातारा-सांगलीकडचं एक घर डोळ्यांसमोर आणा. कल्पनेतलंच, पण तुमच्या ओळखीत असं घर नक्की सापडेल. तीन भाऊ. एक मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई, पस्तिशी ओलांडता ओलांडता घरी आला. दुसरा सरकारी कचेरीत कारकून, वीस वर्षं भरल्यावर त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिसरा एमआयडीसीतल्या कारखान्यात, पन्नाशीला त्याचं काम सुटलं. तिघांनीही काम लवकर थांबवलं. पण तिघांच्या पेन्शनीचा हिशोब तीन तऱ्हांनी होतो, आणि ‘लवकर आलास म्हणून इतके टक्के कमी’ असं उघड वाक्य फक्त तिसऱ्याच्याच कागदावर असतं. असं का, ते आज बघायचं आहे.

आधी हा शब्द आपल्याकडे कसा आला ते थोडक्यात. मराठी मुलखात ‘पेन्शन’ आली ती म्हाताऱ्या नोकरांसाठी नव्हे, राज्य गेलेल्या राजांसाठी. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली, त्याला वर्षाला आठ लाख रुपये ठरले आणि तो बिठूरला गेला. १८५१ मध्ये तो वारला तेव्हा कंपनीने ती रक्कम नानासाहेबांना पुढे चालू ठेवली नाही. साताऱ्यात १८४८ ला शहाजीमहाराज म्हणजे आप्पासाहेब वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं, आणि राजघराण्याचा निर्वाह सरकारच्या नेमणुकीवर आला. म्हणजे पहिल्या अर्थाने पेन्शन ही मर्जी होती. दिली तर दिली. १८७१ च्या पेन्शन कायद्यात तर अशा पेन्शनींचे आणि नेमणुकींचे दावे दिवाणी कोर्टात थेट चालवायचे नाहीत, अशी तरतूदच करून ठेवली. हा कायदा आजही पुस्तकात आहे.

ही मर्जीची भाषा पुसली जायला १९८२ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितलं, की पेन्शन ही बक्षिसी नाही, मालकाच्या मर्जीवरची खैरात नाही; केलेल्या सेवेतून उभा राहिलेला तो हक्क आहे. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर साजरा करतात तो यासाठी. मात्र हक्क म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच. हक्क किती? सेवा अर्धी केली तर हक्क अर्धा का? इथून आपलं गणित सुरू होतं.

इंग्रजी अमदानीतल्या मुलकी नोकरांचं गणित साठाच्या छेदावर चाले. पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षाला सरासरी पगाराचा साठावा हिस्सा, आणि वरची मर्यादा तीस साठांश, म्हणजे निम्मा पगार. ‘निम्म्या पगारावर पेन्शनीत गेले’ हे आपल्या आजोबांच्या तोंडचं वाक्य तिथून आलं. या पद्धतीत ‘लवकर निवृत्तीची कपात’ असा वेगळा शब्द लागतच नाही. वर्षं कमी भरली की अंश लहान होतो. कपात अपूर्णांकाच्या पोटातच असते, ओरडून सांगावी लागत नाही.

एक लक्षात ठेवा. त्या काळी आजचे हे दोन जिल्हे एका कारभाराखाली नव्हते. सातारा हा मुंबई इलाख्याचा जिल्हा. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली ती औंध संस्थानच्या माळरानावर. कराडजवळची ओगलेवाडी, जिथला प्रभाकर कंदील घराघरांत गेला, तीही औंधच्याच आश्रयाने वाढली. ८ मार्च १९४८ ला संस्थानं विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ ला ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे एका पिढीने घर न बदलता संस्थान, दक्षिण सातारा आणि सांगली असे तीन पत्ते लिहिले. या मुलखात पेन्शनचे निरनिराळे नियम शेजारी शेजारी का नांदतात, ते समजायला एवढी पार्श्वभूमी पुरे.

आता कारकून भावाचा हिशोब. महाराष्ट्राचे निवृत्तिवेतनाचे नियम १९८२ चे. त्यांत साठाऐवजी सहासष्ट आले. सेवा सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांत मोजायची; तेहतीस वर्षं म्हणजे सहासष्ट सहामाह्या भरल्या की पुरी पेन्शन, म्हणजे ठोकळमानाने निम्मा पगार. वीस वर्षांनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मग वीस वर्षांवर जाणाऱ्याला किती? सरळ हिशोबाने चाळीस सहासष्टांश. पण नियमाने इथे हात सैल सोडला. स्वेच्छेने जाणाऱ्याच्या सेवेत जास्तीत जास्त पाच वर्षं वाढवून धरायची. याला कचेरीत वेटेज म्हणतात. वीस अधिक पाच, पंचवीस. म्हणजे पन्नास सहासष्टांश. सरासरी पगार १०,००० रुपये असेल तर पुरी पेन्शन ५,०००. वीस वर्षांवर सरळ हिशोबाने सुमारे ३,०३०. वेटेज धरून सुमारे ३,७८८. अट एवढीच की वाढवलेली वर्षं तेहतिसाच्या पुढे जाता कामा नयेत आणि निवृत्तीच्या नेमून दिलेल्या वयाच्याही पुढे जाता कामा नयेत. पंचावन्नाव्या वर्षी जाणाऱ्याला अठ्ठावन्नपर्यंतची तीनच वर्षं मिळणार.

बघा, सरकारने इथे उलटी कपात केली. लवकर जाणाऱ्याला न केलेल्या कामाची वर्षं दिली. त्याला कारण होतं. नोकरवर्ग कमी करायचा असेल, वरच्या जागा मोकळ्या करायच्या असतील, तर जाणाऱ्याची वाट थोडी सोपी करावी लागते. पुढे सहाव्या वेतन आयोगाबरोबर तेहतीस वर्षांची अटच गेली आणि वीस वर्षांच्या सेवेवर पुरी पेन्शन आली. ज्या कारकुनाला आधी ३,७८८ मिळाले असते, त्याला आता त्याच पगारावर पुरे ५,०००. वर महागाई भत्ता, तोही वेळोवेळी वाढणारा. अर्थात हे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांचं. त्या तारखेपासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांची गोष्ट वेगळी झाली. त्यांचं स्वतःचं अंशदान, सरकारचं अंशदान आणि बाजारातलं व्याज यांचा तो खेळ. संप झाले, नियम पुन्हा बदलले, तो मोठा विषय आहे. त्यावर स्वतंत्र बोलायला हवं.

शिपाई भावाकडे येऊ. साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. या भागात ‘पेन्शनीत आला’ म्हटलं की पांढऱ्या केसांचा म्हातारा डोळ्यांसमोर येत नाही. चाळिशीच्या आतला, दंड भरलेला माणूस येतो. शिपायाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. तो लवकर येतो, कारण सैन्याला तरुण माणसं हवी असतात. त्याचं लवकर येणं ही त्याची हौस नव्हे, सैन्याची गरज. म्हणूनच टक्केवारीची कपात त्याला कधी लागली नाही.

पण तेहतिसाचा अंश त्यालाही छळत होता. पंधरा वर्षांवर आलेल्या शिपायाला तेहतिसातले पंधराच हिस्से? मग इथेही वेटेज. २००६ मध्ये ते शिपायाला दहा, नाईकाला आठ आणि हवालदाराला सहा वर्षं असं झालं. पंधरा अधिक दहा, पंचवीस. आपल्या कारकुनाचे वीस अधिक पाच, पंचवीस. दोन वेगळ्या दरवाजांनी आत आलेले भाऊ एकाच अंशावर येऊन उभे राहिले. त्यानंतर सहाव्या आयोगाने सैनिकांचीही तेहतिसाची अट काढून टाकली.

मात्र सैन्यातही ‘स्वतःहून’ या शब्दाला किंमत आहे. ७ नोव्हेंबर २०१५ ला ‘वन रँक वन पेन्शन’चा आदेश निघाला, १ जुलै २०१४ पासून लागू. त्यात एक ओळ घातली, की यापुढे जो स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी निघेल त्याला या योजनेचा लाभ नाही. पेन्शन मिळेल, पण पुढे होणारी समानता मिळणार नाही. तीच कपात, फक्त टक्के न लिहिता. आणि २०२२ पासून अग्निवीर आले. चार वर्षांनी घरी येणाऱ्या पाऊणशे टक्के मुलांना एकरकमी सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. अपशिंग्यासारख्या गावात ‘पेन्शनीत आला’ या शब्दांचा अर्थ पुढच्या पिढीत काय उरेल, हा आम्हाला खरोखर पडलेला प्रश्न आहे.

आता तिसरा भाऊ. आमच्या मते आजच्या विषयाचा खरा गाभा हा आहे, म्हणून इथे जरा थांबून हिशोब करू. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

साखर कारखाना, काचकारखाना, लोखंडी नांगराचा कारखाना, एसटी, कुपवाडचे आणि साताऱ्याचे एमआयडीसीतले शेड. या सगळ्यांतल्या कामगाराला पूर्वी महिन्याची पेन्शन नव्हतीच. १९५२ च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड आला, म्हणजे शेवटी एकरकमी पैसे. १ मार्च १९७१ पासून कुटुंब पेन्शन आली. पण ती कामगार मेल्यावर त्याच्या विधवेला. जिवंत कामगाराला घरी बसून दरमहा काही मिळावं ही कल्पना प्रत्यक्षात आली ती १६ नोव्हेंबर १९९५ ला, ‘कर्मचारी पेन्शन योजना १९९५’ म्हणून. लोक तिला ईपीएस-९५ म्हणतात. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के तिकडे वळवायचे, केंद्र सरकारने १.१६ टक्के घालायचे.

सूत्र असं : पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा, भागिले सत्तर. हे सत्तर कुठून आले? पस्तीस वर्षं भरली की पस्तीस सत्तरांश म्हणजे निम्मा पगार, असा त्याचा अर्थ. छेदांचा हा प्रवास बघण्यासारखा आहे. इंग्रजांचा कारकून तीस वर्षांत निम्म्या पगारावर पोचायचा, महाराष्ट्राचा कारकून तेहतीस वर्षांत, आणि कारखान्यातला कामगार पस्तीस वर्षांत. ज्याचं काम अंगमेहनतीचं, त्याचाच रस्ता सगळ्यांत लांब. पुढे कारकुनाचा रस्ता वीस वर्षांवर आला. कामगाराचा सत्तर तसाच राहिला. हा छेद कोणत्याही घोषणेत येत नाही, कोणत्याही मोर्च्याच्या फलकावर दिसत नाही, पण सगळ्यांत मोठी कपात तोच करतो.

दुसरी कपात पगाराच्या मर्यादेची. सूत्रात धरायचा पगार हा खरा पगार नव्हे, कमाल मर्यादेपर्यंतचा पगार. १९९५ ला ही मर्यादा ५,००० रुपये होती, १ जून २००१ पासून ६,५००, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. पूर्वी शेवटच्या बारा महिन्यांची सरासरी धरत, २०१४ पासून साठ महिन्यांची. आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीची वर्षं जुन्या ६,५०० वरच मोजायची. १९९५ च्या आधी ज्यांनी कुटुंब पेन्शन योजनेत वर्षं काढली, त्यांच्या त्या मागच्या सेवेला तर ठरावीक ठोक रक्कम. वीस वर्षांच्या वर सेवा असेल तर महिन्याला १५० किंवा १७० रुपये, तेव्हाचा पगार अडीच हजारांच्या आत की बाहेर त्यावर. अठ्ठावन्नला अजून अवकाश असेल तर ती रक्कम एका कोष्टकातल्या आकड्याने वाढवायची, एवढंच. ऐन उमेदीची वीस-बावीस वर्षं भट्टीपुढे काढलेल्या माणसाच्या सेवेचं हे मोल.

आणि तिसरी, उघड कपात. पेन्शनचं वय अठ्ठावन्न. किमान दहा वर्षं सेवा झाली असेल आणि नोकरी सुटली असेल तर पन्नासपासून पेन्शन सुरू करता येते. पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दर वर्षाला ठरावीक टक्के कापायचे. सुरुवातीला दर वर्षाला तीन टक्के. २६ सप्टेंबर २००८ पासून चार टक्के. त्याच बदलात पेन्शनीचा तिसरा हिस्सा विकून एकरकमी पैसे घेण्याची सोयही बंद झाली.

आता उदाहरण. तिसरा भाऊ १ सप्टेंबर २००४ ला लागला, पगार कायम मर्यादेच्या वर, १ सप्टेंबर २०२२ ला पन्नास पुरे झाले आणि काम सुटलं. सेवा अठरा वर्षं. पहिली दहा ६,५०० वर : ६,५०० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे ९२९ रुपये. पुढची आठ १५,००० वर : १,७१४ रुपये. एकूण २,६४३. लगेच पेन्शन सुरू केली तर आठ चोक बत्तीस टक्के कपात, म्हणजे ८४६ रुपये गेले. हातात १,७९७.

तोच माणूस अठ्ठावन्नपर्यंत कामावर राहिला असता तर? आणखी आठ वर्षं १५,००० वर. एकूण ४,३५७, आणि वीस वर्षांवर सेवा झालेल्याला मिळणारी दोन वर्षांची वाढ त्याच्या वर. म्हणजे खरी कपात बत्तीस टक्के नाही. ४,३५७ चे १,७९७ झाले, निम्म्याहून जास्त गेले. बत्तीस टक्के ही फक्त दिसणारी. बाकीची कपात न भरलेल्या वर्षांनी सत्तराच्या छेदाखाली आधीच केलेली असते.

पण थांबा. ही तुलना त्याच्या कामाची नाही. कारण ‘कामावर राहिला असता’ हा पर्याय त्याच्यापुढे नव्हताच, काम सुटलेलं आहे. त्याच्यापुढे खरा प्रश्न एवढाच, की आज १,७९७ घ्यायचे की आठ वर्षं थांबून २,६४३ घ्यायचे. लोक इथे पटकन म्हणतात, थांबा, बत्तीस टक्के कशाला घालवता. आम्ही म्हणतो, आधी भागाकार करा. आठ वर्षं म्हणजे शहाण्णव महिने. तेवढ्यात हाती आलेले १,७९७ च्या हिशोबाने सुमारे १,७२,५०० रुपये. अठ्ठावन्ननंतर दरमहा तोटा ८४६ चा. भागाकार केला तर २०४ महिने, म्हणजे बरोबर सतरा वर्षं. अठ्ठावन्न अधिक सतरा, पंच्याहत्तर. पंच्याहत्तराव्या वर्षापर्यंत लवकर घेणारा पुढे असतो, त्यानंतर थांबणारा. गंमत म्हणजे पगार कितीही घाला, हे पंच्याहत्तर बदलत नाही. ते फक्त टक्क्यावर अवलंबून आहे. जुन्या तीन टक्क्यांनी हाच हिशोब केला तर वय निघतं त्र्याऐंशी वर्षं चार महिने. म्हणजे २००८ मध्ये ‘फक्त एक टक्का’ वाढला तेव्हा ही बरोबरीची रेघ एका फटक्यात आठ वर्षांनी अलीकडे आली. एका टक्क्याचा अर्थ असा असतो.

या हिशोबात आम्ही व्याज धरलेलं नाही, आणि महागाईही नाही. व्याज धरलं तर रेघ आणखी पुढे सरकेल. महागाई न धरण्याचं कारण मात्र दुःखाचं आहे. ईपीएस-९५ ला महागाई भत्ता नाही. १,७९७ म्हणजे १,७९७. पन्नासाव्या वर्षी जी रक्कम ठरली ती साठाव्या वर्षी तीच, सत्तराव्या वर्षी तीच. कारकून भावाची पेन्शन दर वर्षी हलते, शिपाई भावाची हलते, याची गोठलेली. शाळेतल्या पोराला सोडवता येईल इतका हा हिशोब सोपा आहे, तो याच कारणाने. २०१४ साली किमान पेन्शन १,००० रुपये झाली; ती वाढावी म्हणून वृद्ध पेन्शनर अजून रस्त्यावर येतात.

आणखी एक माणूस या भागाकारात राहून जातो, बायको. पेन्शन सुरू झाल्यावर नवरा गेला तर तो घेत होता त्या पेन्शनीची निम्मी तिला. थांबून २,६४३ घेतले असते तर तिला १,३२१. लवकर घेतल्यावर १,७९७ ची निम्मी ८९९ निघते, तिथे १,००० ची किमान मर्यादा आडवी येते म्हणून १,०००. आपल्याकडे बायको बहुधा वयाने लहान असते आणि बहुधा मागे राहते. म्हणून पंच्याहत्तरचा आकडा एकट्याने ठरवू नये. घरी बसून, दोघांची वयं कागदावर लिहून ठरवावा. इतिहासाच्या व्याख्यानात हा सल्ला शोभत नसेल, पण देऊन टाकतो.

आता इतरांनी काय केलं? अमेरिकेत १९५६ साली बायकांना आणि १९६१ साली पुरुषांना पासष्टऐवजी बासष्टला पेन्शन सुरू करण्याची मुभा मिळाली. तीन वर्षांना मिळून वीस टक्के कपात, म्हणजे वर्षाला पावणेसात टक्क्यांच्या आसपास. जर्मनीने १९९२ च्या सुधारणेत महिन्याला ०.३ टक्का, म्हणजे वर्षाला ३.६ धरला. आपले तीन-चार टक्के त्यापुढे सौम्य वाटतात. वाटतात खरे, पण तिथली पेन्शन महागाईबरोबर किंवा पगारांबरोबर वाढते. टक्क्याची तुलना टक्क्याशी करून भागत नाही, टक्का कशावर लावला तेही बघावं लागतं.

मग हे टक्के लावायचेच का? निधीच्या बाजूने उत्तर असं, की जो आठ वर्षं आधी घेतो तो आठ वर्षं जास्त घेतो. कापलं नाही तर थांबणाऱ्यांच्या पैशातून त्याला द्यावं लागेल. हे उत्तर खोटं नाही. २०१६ पासून उलटी बाजूही आली आहे. अठ्ठावन्नऐवजी साठपर्यंत थांबणाऱ्याला वर्षाला चार टक्के वाढवून मिळतात. हिशोब म्हणून दोन्ही पारडी सारखी. पण या हिशोबात एक गृहीत दडलेलं आहे, की लवकर घेणारा आपल्या मर्जीने घेतो. कारखाना बंद पडला, भाड्याने दिला गेला, ठेकेदाराकडे काम गेलं, गुडघे गेले, हे त्या गृहीतात बसत नाही. योजनेत अपंगत्वाची पेन्शन आहे आणि तिला वयाची कपात नाही, दहा वर्षांची अटही नाही. पण ती करत असलेल्या कामाला कायमचा आणि पूर्णपणे असमर्थ झालेल्याला. ज्याचं शरीर अर्धं साथ देतं, जो पूर्ण निकामी नाही आणि पूर्ण कामाचाही नाही, असा माणूस दोन नियमांच्या मधल्या फटीत सापडतो आणि ‘लवकर निवृत्त’ या रकान्यात जाऊन बसतो. शिपायाचं लवकर येणं सैन्याची गरज म्हणून मोजलं, कारकुनाचं सरकारची सोय म्हणून. कामगाराचं तेवढं त्याची स्वतःची निवड म्हणून मोजलं. २०२१-२२ च्या एसटी संपात विलीनीकरणाची मागणी होती, तेव्हा अनेकांना ती फक्त पगाराची वाटली. आम्हाला त्यात सत्तराचा छेद सोडून दुसऱ्या भावाच्या रांगेत जाण्याची धडपडही दिसली.

केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या नोकरांसाठी एकीकृत पेन्शन योजना आणली. तिच्यात लवकर जाण्याचा तिसराच उपाय आहे. पंचवीस वर्षांनी स्वेच्छेने जा, टक्के कापणार नाही. पण पेन्शन सुरू होईल ती ज्या दिवशी तू एरवी निवृत्त झाला असतास त्या दिवसापासून. अठ्ठेचाळीसला गेलास आणि निवृत्तीचं वय साठ असेल तर मधली बारा वर्षं शून्य. कापलं नाही म्हणायचं आणि बारा वर्षं द्यायचं नाही, हीही कपातच. फक्त ती पैशात न लिहिता काळात लिहिली.

शेवटी एक बारीक गोष्ट, पण आपल्या भागाची. ईपीएस-९५ ची पेन्शन मागताना नमुना १०-ड भरतात. त्यात कपातीची पेन्शन कधीपासून हवी ती तारीख लिहायची असते, आणि सगळी टक्केवारी जन्मतारखेवरून मोजली जाते. आता आपल्या खेड्यांतल्या एका पिढीची जन्मतारीख काय आहे? १ जून. पोराला शाळेत घालायला बाप घेऊन गेला, तारीख कोणाला ठाऊक नव्हती, गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या बेताची १ जून लावून दिली, आणि वर्ष अंदाजाने. तेव्हा कोणाचं काही बिघडलं नाही. पण त्या अंदाजात एक वर्ष इकडचं तिकडे झालं असेल, तर या योजनेत त्याची किंमत चार टक्के आहे, आणि ती मरेपर्यंत दरमहा मोजायची आहे. म्हणून नोकरी चालू असतानाच शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फंडाच्या खात्यावरची तारीख या तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. दुरुस्ती कामावर असताना होते तितकी सोपी काम सुटल्यावर राहत नाही, कारण मालकाची सही आणायला कधी कधी मालकच उरलेला नसतो.